बायांचे पुराण

महर्षी कर्व्यांचे नाव ऐकले नाही असा विद्यार्थी आपल्या जिल्ह्यात सापडणे कठीण. खेड तालुक्यातल्या शेरवलीत १८५८ साली त्यांचा जन्म झाला, दापोलीजवळच्या मुरूडला ते वाढले, हे आपण प्राथमिक शाळेपासून पाठ करीत आलो आहोत. निबंधाला ते असतात, वक्तृत्वाला असतात, शाळेच्या भिंतीवरच्या तसबिरींतही असतात. परंतु त्यांच्या पत्नीविषयी विचारावे तर वर्गात शांतता पसरते. फार तर कोणी सांगतो, त्यांनी एका विधवेशी लग्न केले होते. ती विधवा आपल्याच जिल्ह्यातली, देवरुखची होती आणि तिने स्वतःच्या हाताने आपली हकिकत लिहून ठेवली आहे, हे सांगणारा मला तरी कोणी भेटला नव्हता. पुढे महाविद्यालयात आल्यावर ग्रंथालयातल्या चरित्रांच्या कपाटात एक पुस्तक हाती लागले. नाव 'माझे पुराण', लेखिका आनंदीबाई कर्वे. घरातली माणसे त्यांना बाया म्हणत. म्हणून मीही या लेखात बायाच म्हणणार आहे.

बायांचा जन्म १८६५ च्या सुमाराचा. देवरुखच्या बाळकृष्णपंत जोशी यांची ही मुलगी. माहेरचे नाव गोदू. आमच्या अलोऱ्याहून देवरुख म्हणजे एस.टी.चा काही तासांचा प्रवास. मधल्या वाटेवर, आरवलीच्या आत, माखजन लागते. गोदूच्या साऱ्या तरुणपणाचा नकाशा एवढाच होता. आठव्या वर्षी लग्न होऊन ती माखजनच्या नातूंकडे गेली आणि तीन महिन्यांच्या आत विधवा झाली. नवरा म्हणजे काय हे कळायच्या आधीच तो गेला होता. मग पुढची पंधरा वर्षे सासरची शेती, गोठा, शेणगोठ्याची आणि लावणीची कामे यांत गेली. कोकणातल्या घरात विधवा सून म्हणजे बिनपगारी गडीच. त्यातून रूढीप्रमाणे केशवपनही झाले. आपल्याकडच्या बायकांना हे काही नवलाचे वाटत नसे, हीच त्यातली मोठी नवलाची गोष्ट.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. पुस्तकात बायांनी स्वतःची कीव कुठेही मागितलेली नाही. अंगात ताकद होती, काम उरकत होते, हे त्या सरळ अभिमानाने सांगतात. सासरच्यांना राक्षस करून टाकणे त्यांना सहज जमले असते, वाचकालाही ते आवडले असते. त्यांनी तसे केले नाही. मला वाटते, या बाईच्या लेखणीवर विश्वास बसतो तो इथेच.

गोदूचे बंधू नरहरपंत जोशी शिक्षणासाठी मुंबईत होते. धोंडो केशव कर्वे हे त्यांचे स्नेही. दोघांचे बिऱ्हाड एकत्र होते. कर्व्यांच्या पहिल्या पत्नी राधाबाई त्या बिऱ्हाडात होत्या, आणि बहिणीला शिकवावे म्हणून नरहरपंतांनी गोदूलाही तिथे आणले. विशी उलटून गेलेली, पदराखाली मुंडण झाकलेली बाई पाटी-पेन्सिल घेऊन बसली. आज आपल्याला प्रौढ शिक्षणाचे वर्ग ठाऊक आहेत. तेव्हा तसे काही नव्हते. स्वयंपाक आटोपून अक्षरे गिरवायची, एवढीच शाळा.

खरी शाळा निघाली ती ११ मार्च १८८९ रोजी. पंडिता रमाबाई अमेरिकेहून परतल्या होत्या आणि त्यांनी मुंबईत चौपाटीजवळ शारदा सदन उघडले. उच्चवर्णीय विधवांना राहायला जागा आणि शिक्षण, असा त्याचा हेतू. या सदनात दाखल झालेली पहिली विधवा विद्यार्थिनी म्हणजे देवरुखची गोदू. हिंदुस्थानातल्या स्त्रीशिक्षणाच्या इतिहासात ही एक ओळ कोणीही लिहील. पण त्या ओळीत बसलेली बाई आतून काय पाहत होती, हे फक्त तिच्या पुराणात सापडते. रमाबाईंनी तिला माणसासारखे वागवले. केस पुन्हा वाढू दिले. जेवणात, कपड्यात, बोलण्यात विधवेला जो एक कायमचा कमीपणा असतो तो तिथे नव्हता. १८९० च्या नोव्हेंबरात सदन पुण्याला गेले, तिच्यासोबत गोदूही गेली. पुढे १८९३ साली सदनात ख्रिस्ती धर्माचा प्रचार होतो म्हणून पुण्यात मोठे वादळ उठले, पालकांनी मुली काढून नेल्या, वर्तमानपत्रांनी रमाबाईंना फाडून खाल्ले. रमाबाईंविषयी पुण्यातल्या सभ्य घरांत चांगले बोलणे तेव्हापासून अवघड होऊन बसले. बायांनी मात्र आपल्या पुस्तकात त्यांचे ऋण आडपडदा न ठेवता मांडले. ज्या काळी हे सांगणे सोयीचे नव्हते त्या काळात जगलेल्या बाईने हे सांगावे, याला मी तरी धैर्यच म्हणेन.

राधाबाई १८९१ साली वारल्या. त्याच वर्षी कर्वे फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवायला पुण्यास आले. पुन्हा लग्न करायचे तर विधवेशीच, असा त्यांचा निश्चय होता. बाळकृष्णपंतांनी त्यांच्याकडे लग्नाचा विषय काढला तेव्हा त्यांनी तो बोलून दाखवला आणि त्या म्हाताऱ्या बापाने स्वतःच्या मुलीला विचारले. कोकणातल्या एका भिक्षुकी वळणाच्या घरातल्या वडिलांनी विधवा मुलीला तिचे मत विचारणे ही गोष्ट मला लग्नाहूनही मोठी वाटते. विधवाविवाहाचा कायदा १८५६ साली झाला होता. म्हणजे कायद्याला सदतीस वर्षे उलटली होती, पण कायदा आणि पंगत यांच्यात फार अंतर असते. लग्न ११ मार्च १८९३ रोजी पुण्यात लागले. शारदा सदन निघाले त्याच तारखेला, बरोबर चार वर्षांनी. गोदूची आनंदी झाली.

लग्नानंतर नवराबायको मुरूडला गेली तेव्हा गावात सभा भरली आणि ठराव झाला. कर्व्यांशी बसणे-उठणे बंद. घरच्यांनी त्यांना घरात घेतले तर घरच्यांवरही बहिष्कार. कर्व्यांच्या आईला मुलाला जवळ घेता येईना. या प्रसंगाचे वर्णन महर्षींनीही आपल्या आत्मचरित्रात केले आहे आणि ते संयमी, शांत आहे. त्यांचा स्वभावच तसा होता. पण बहिष्काराचा खरा भार बाईवर पडतो, हे आपण खेड्यातली माणसे ओळखून असतो. पुरुष बाहेर जातो, त्याला कचेरी असते, महाविद्यालय असते. विहिरीवर, सणाला, हळदीकुंकवाला, बाळंतपणात जी एकटी पडते ती बाईच. आणि बायांना तर तीन मुलगे झाले, शिवाय राधाबाईंचा रघुनाथ होता. रघुनाथ म्हणजे पुढे संततिनियमनाच्या प्रचारासाठी 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवणारे र. धों. कर्वे. थोरला शंकर पुढे डॉक्टर झाला, दिनकर फर्ग्युसन महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. या घरातल्या मुलांची चरित्रेही मोठी आहेत. ती ज्या चुलीवर वाढली तिचे चरित्र एवढे एकच.

आता त्या चुलीविषयी. कर्व्यांनी १८९६ साली अनाथ बालिकाश्रम काढला. १९०० साली तो पुण्याजवळच्या हिंगण्याला, दानात मिळालेल्या सहा एकर जमिनीवर, एका झोपडीत गेला. महाविद्यालयातले तास संपले की कर्वे हिंगण्याची वाट पायी चालत, ही कथा आपण सर्वांनी वाचली आहे. ती खरीच आहे आणि थोर आहे. परंतु त्या वाटेच्या अलीकडच्या टोकाला एक बिऱ्हाड होते, आणि त्या बिऱ्हाडात महिनाअखेर कशी जात होती याचा हिशेब कथेत येत नाही. पगारातला मोठा वाटा आश्रमाला जाई, शिल्लक आश्रमाला जाई, आयुष्याच्या विम्याची पॉलिसीसुद्धा आश्रमाला गेली. उद्या नवऱ्याचे काही बरेवाईट झाले तर मुलांनी खायचे काय, असा प्रश्न बायांनी विचारला आणि त्यावरून घरात भांडणे झाली. हे सारे त्यांनी पुराणात लिहून ठेवले आहे. महर्षींच्या पत्नीने असे लिहावे का, असे काहींना वाटेल. मला वाटते, तिने लिहिले म्हणून महर्षीही आपल्याला खरे वाटू लागतात. देव्हाऱ्यातल्या मूर्तीला घरखर्च नसतो.

बाया नुसत्या भांडत बसल्या नाहीत. स्वतः चार पैसे मिळवावे म्हणून नागपूरला जाऊन त्यांनी सुइणीचे शिक्षण घेतले. संसारातली, मुलेबाळे असलेली बाई १९ व्या शतकाच्या अखेरीस परगावी शिकायला जाते, ही गोष्ट आजही साधी नाही. माझ्या ओळखीतल्या कित्येकींना लग्नानंतर बी.ए.चे शेवटचे वर्ष पुरे करता आले नाही.

आणि यापेक्षाही कडवट घोट एक होता. हिंगण्याचा आश्रम विधवांसाठी होता. पण पुनर्विवाह केलेल्या विधवेला तिथे जागा नव्हती. कर्व्यांनी १८९३ साली विधवाविवाहाच्या प्रसारासाठी मंडळी काढली होती. परंतु आश्रमाला लोकांनी मुली पाठवाव्यात, वर्गणी द्यावी, म्हणून आश्रम आणि पुनर्विवाह यांची फारकत करणे त्यांना भाग पडले. आश्रमात वावरून काम करण्याची बायांची इच्छा असतानाही, त्यांच्या वावराने पालक बिथरतील म्हणून त्यांना दूर राहावे लागले. ज्या बाईशी लग्न करून कर्व्यांच्या कार्याला आरंभ झाला, तिलाच त्या कार्याच्या उंबऱ्याबाहेर थांबावे लागले. यात कर्व्यांचा दोष किती आणि समाजाचा किती याचा निवाडा मी करू धजत नाही. मुलींना शिकवायचे तर मुली आल्या पाहिजेत, आणि मुली यायच्या तर पालकांचे ऐकले पाहिजे. हा व्यवहार मला कळतो. पण आश्रमाचा इतिहास फक्त अहवालांतून लिहिला असता तर हा उंबरा आपल्याला दिसलाच नसता. अहवालात देणग्या असतात, विद्यार्थिनींची संख्या असते. दाराबाहेर कोण उभे होते, याचा रकाना अहवालात नसतो.

याच ठिकाणी दुसऱ्या बहिणीची गोष्ट येते, आणि ती आल्याशिवाय बायांची गोष्ट पुरी होत नाही. पार्वतीबाई आठवले ही बायांची धाकटी बहीण, जन्म १८७०, तीही देवरुखचीच. विसाव्या वर्षी पदरात एक मुलगा घेऊन ती विधवा झाली. पुनर्विवाहाचा विषय तिच्यापुढेही निघाला, पण तिने तो नाकारला. मुंडण तसेच ठेवून ती हिंगण्याच्या आश्रमाच्या कामात उतरली, आश्रमाची व्यवस्था पाहू लागली, गावोगाव फिरून वर्गणी गोळा करू लागली. तिचा तो विधवेचा वेष हाच लोकांच्या विश्वासाचा दाखला होता. पुढे १९१२ साली तिने तो वेष विचारपूर्वक टाकला, आणि १९१८ साली तर इंग्रजी धड येत नसताना ती अमेरिकेला गेली. घरकाम करून तिथे राहिली, शिकली, आश्रमासाठी पैसा जमवून परत आली. तिचे 'माझी कहाणी' १९२८ साली प्रसिद्ध झाले.

एका आईच्या पोटच्या दोघी. दोघींवर एकच आघात. एकीने पुन्हा कुंकू लावले आणि आश्रमाच्या बाहेर राहिली, दुसरीने लावले नाही आणि आश्रमाच्या मध्यभागी गेली. कोणती बरोबर, असा प्रश्न मैत्रिणींत चर्चेला निघाला तेव्हा आमच्यात दोन तट पडले. माझे मत विचाराल तर दोघींनीही आपापली किंमत मोजली आणि दोघींनीही ती लिहून ठेवली. एकच घर, एकच शहर, एकच चळवळ. परंतु दोन खिडक्यांतून पाहिलेली. पुण्याच्या सुधारणेचा इतिहास वाचायचा असेल तर ही दोन पुस्तके शेजारी ठेवून वाचावीत असे मी सुचवीन.

पुणे शहराचे इतिहास पुष्कळ आहेत. पेशव्यांचे आहेत, पेठांचे आहेत, पुढाऱ्यांचे आहेत. त्या इतिहासांत बायका येतात त्या सतीच्या, राणीच्या, नाही तर कोणाच्या तरी पत्नीच्या रूपाने. पण त्याच शहरातल्या स्वयंपाकघरांतून एक निराळा इतिहास लिहिला जात होता. रमाबाई रानड्यांनी १९१० साली आपल्या आयुष्यातल्या आठवणी छापल्या. काशीबाई कानिटकरांनी त्याच्याही आधी डॉक्टर आनंदीबाई जोशींचे चरित्र लिहून एका मैत्रिणीची स्मृती जपली. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून येऊ लागली. या मालिकेत 'माझे पुराण' १९४४ साली आले. बायांचे वय तेव्हा ऐंशीच्या घरात होते. लेखनावर संपादनाचा हात फिरवला तो त्यांच्या सुनेने, कावेरीबाई कर्वे यांनी. सासूच्या आठवणी सुनेने छापण्याजोग्या करून द्याव्यात, यातही एक गंमत आहे. सासूसुनेचे भांडण हा आपल्या कथाकादंबऱ्यांचा आवडता विषय. हे मात्र कोणी कथेत घेतले नाही.

पुराण हा शब्दही बायांनी मुद्दाम निवडला असावा. देवळात पुराणिक सांगतो ते पुराण, आणि एखादी बाई आपले गाऱ्हाणे लांबवू लागली की आपण तिला हिचे पुराण सुरू झाले म्हणतो, तेही पुराण. बायांनी दुसरा अर्थ पत्करला आणि त्याला पहिल्याची प्रतिष्ठा दिली. भाषा घरगुती, कोकणी वळणाची, कुठे अडखळणारी. अलंकार नाहीत. पण कामाची नावे, नात्यांची नावे, खाण्यापिण्याच्या सवयी अशा काही बारकाईने येतात की तो काळ जाणणाऱ्याला दुसरे साधन नको.

एक उणीव मात्र नमूद करायला हवी. बायांचे पुराण आहे ते ब्राह्मण घरांतल्या विधवांचे. शारदा सदन त्यांच्यासाठी, आश्रमही आरंभी त्यांच्यासाठीच. त्याच वेळी आपल्या डोंगरांतून डोक्यावर भारे घेऊन रत्नागिरीच्या बाजाराला चालत जाणाऱ्या बायका होत्या; त्यांच्यात विधवेला पुन्हा पाट लावायला अडचण नव्हती, पण दुसरी दुःखे पुष्कळ होती. त्यांची हकिकत यायला आणखी साठ वर्षे जावी लागली. आपल्याच जिल्ह्यातल्या ऊर्मिला पवार यांचे 'आयदान' २००३ साली आले. त्याआधी १९८९ मध्ये त्यांनी आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांच्या घरी जाऊन, त्यांना बोलते करून 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक सिद्ध केले. त्यातल्या कित्येकींना लिहिता येत नव्हते. त्यांचे पुराण ऐकून घ्यायला कोणी तरी त्यांच्या दारात जावे लागले. आणि कर्व्यांनी १९१६ साली स्थापन केलेल्या महिला विद्यापीठात १९७४ साली नीरा देसाई यांनी स्त्रियांच्या अभ्यासाचे स्वतंत्र केंद्र काढले, तेही याच वाटेवरचे पाऊल होते.

हे वाचल्यापासून मला आमच्या अलोऱ्याकडे निराळ्या नजरेने पाहावेसे वाटू लागले आहे. कोयना प्रकल्पासाठी इथे वसाहत उभी राहिली, पलीकडे कोळकेवाडीचे धरण झाले, वीजघर झाले. धरणाची उंची, यंत्रांची शक्ती, कोणत्या साली कोणता टप्पा पुरा झाला, हे सगळे नोंदलेले आहे. परंतु घाटावरून, कर्नाटकातून, आंध्रातून नवऱ्यामागे आलेल्या ज्या बायकांनी या चाळींत संसार थाटले, खडी फोडली, पाटीने काँक्रीट वाहिले, १९६७ च्या डिसेंबरातल्या त्या पहाटेच्या भूकंपात मुले कडेवर घेऊन बाहेर धाव घेतली, त्यांची नावे कुठल्या वहीत आहेत? काम संपल्यावर बिऱ्हाडे हलली, क्वार्टर्स ओस पडली. ज्या राहिल्या त्या आता थकल्या आहेत. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी आणि माझी मैत्रीण एक दोनशे पानी वही घेऊन अशा आजींकडे जाऊ लागलो. पहिल्या दोघीतिघींनी तेच सांगितले जे बहुधा बायांनाही प्रथम वाटले असेल, की आमच्याकडे सांगण्यासारखे आहे तरी काय. मग चहा झाला, आणि दोन तासांनी त्या थांबेनात. एकीने आपल्या लग्नाचा खर्च आण्यांपर्यंत सांगितला. दुसरीने भूकंपाच्या रात्री चुलीवर काय शिजत ठेवले होते तेही सांगितले. वहीची चाळीस पाने भरली आहेत.

बाया १९५० साली गेल्या. लग्नाला सत्तावन्न वर्षे झाली होती. महर्षी त्यांच्यामागे बारा वर्षे जगले. १९५८ साली त्यांची शंभरी झाली, भारतरत्न मिळाले, त्यांच्या चित्राचे टपाल तिकीट निघाले. १९६२ साली तेही गेले. पुढच्याच वर्षी, १९६३ मध्ये, दिनकररावांनी आईच्या पुराणाचा इंग्रजी अनुवाद इतर काही महाराष्ट्रीय कुटुंबांच्या आठवणींबरोबर अमेरिकेत छापून आणला. हिंगण्याचे आता कर्वेनगर झाले आहे आणि तिथली संस्था बायांच्या नावाने एक पुरस्कार देते. आमच्या ग्रंथालयातले पुराण मी परत केले आहे. ज्यांना वाचायचे असेल त्यांनी चरित्रांच्या कपाटात खालच्या फळीवर पाहावे. पुठ्ठा सुटलेला आहे, पाने जपून उलटावीत.